डॉक्टरकीचा अर्ज : खर्च कुठे करावा, कुठे हात आखडावा

बेंगळुरूच्या हेब्बाळ, केंपापुरा, गंगानगर या पट्ट्यातल्या मराठी घरांत कुणी बारावीला असले, की जानेवारीपासून एक प्रश्न ठरलेला असतो. मेडिकलचा अर्ज टाइप करून द्यायचा की सुवाच्य अक्षरात लिहून? उत्तर सोपे आहे. ‘नीट’चा अर्ज ऑनलाइनच भरायचा असतो, त्यात अक्षराचा प्रश्न येत नाही. पण सही, अंगठा, फोटो आणि शाळेचा दाखला या गोष्टी अजूनही हाताच्याच आहेत, आणि अर्ज अडतो तो बहुधा त्यांच्यापाशी. सायबरवाल्याला पाचशे रुपये द्यायला आपण तयार असतो आणि फोटोत पन्नास वाचवतो. हे उलटे हवे.

आधी सरकारी शुल्क. 2025 च्या नीटसाठी सर्वसाधारण गटाला 1,700, ओबीसी (नॉन-क्रीमी लेअर) व ईडब्ल्यूएसला 1,600, तर अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना 1,000 रुपये होते. निकालानंतर 15 टक्के अखिल भारतीय जागांसाठी एमसीसीची (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) नोंदणी करावी लागते. सर्वसाधारण गटाला त्याचे 1,000 रुपये शुल्क आणि 10,000 रुपये परत मिळणारी अनामत, राखीव गटांना 500 आणि 5,000. अभिमत विद्यापीठांचे पर्याय हवे असतील तर आकडा एकदम उडी मारतो : 5,000 शुल्क आणि दोन लाख अनामत. कर्नाटकच्या जागांसाठी केईएकडे (कर्नाटक परीक्षा प्राधिकरण) नोंदणी वेगळी. नीट दिली म्हणजे तीही झाली, असे नाही.

आता फोटो. चांगल्या स्टुडिओत जा, दीडशे-दोनशे रुपये धरून चला. पार्श्वभूमी पांढरी, दोन्ही कान दिसायला हवेत, चेहऱ्याने चौकट भरलेली हवी. मूळ फाइल ईमेलवर मागून घ्या आणि पासपोर्ट आकाराच्या दोन डझन प्रती एकदमच काढा. कॉलेजात हजर होताना अर्जावरचाच फोटो लागतो, एमसीसीच्या यादीत तर आठ प्रती सांगितलेल्या असतात. फेब्रुवारीत चष्मा, ऑगस्टमध्ये दाढी, असे दोन वेगळे चेहरे कागदांवर नकोत.

सहीला खर्च शून्य, पण वेळ द्या. कोरा पांढरा कागद, काळे पेन, नेहमीची वळणदार सही. सगळी कॅपिटल अक्षरे काढलेली सही चालत नाही. ट्यूबलाइटखाली मोबाइलने काढलेल्या फोटोत कागद निळसर होतो आणि कोपऱ्यात आपल्याच हाताची सावली पडते, म्हणून दहा-वीस रुपये देऊन स्कॅनरवरच काढा. बोटांच्या ठशांचेही तसेच. नवे स्टॅम्पपॅड फार ओले असते, ठसा शाईचा गोळा होऊन बसतो. आधी रद्दी कागदावर दोनदा दाबा, मग खरा ठसा घ्या. रेषा मोजता आल्या पाहिजेत.

नावाची भानगड आपल्या लोकांची खास. घरात आपण नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तिन्ही लिहितो. इकडच्या शाळेत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर उरते, आडनाव कधी पुढे जाते, कधी गळून पडते. आधार आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. फरक असेल तर अर्जाची मुदत सुरू होण्याआधीच आधार दुरुस्त करून घ्या.

शाळेचा दाखला हा सगळ्यांत वेळखाऊ कागद. कर्नाटकच्या कोट्यासाठी साधारण नियम असा, की पहिली ते बारावीत किमान सात वर्षे राज्यात शिकलेले असावे आणि दहावी किंवा बारावी इथून उत्तीर्ण असावी. केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीतल्या आईवडिलांची मुले, म्हणजे हेब्बाळच्या केंद्रीय विद्यालयातली कितीतरी, यांच्यासाठी वेगळी कलमे आहेत, ती वाचा. दाखला मुख्याध्यापकांनी हाताने भरला तरी चालतो. खाडाखोड आणि व्हाइटनर मात्र नको, आणि शिक्का, तारीख, गटशिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी. शाळा बेळगावची असेल तर ती सही तिथल्या कार्यालयाची, म्हणजे रेल्वेचे भाडेही हिशेबात धरा.

‘आपण मूळचे महाराष्ट्राचे, तिकडचा कोटा मिळेल’ हा समज इथे फार पसरलेला. तिकडच्या 85 टक्के जागांसाठी अधिवास दाखल्याबरोबर दहावी-बारावीही महाराष्ट्रातूनच लागते, अपवाद थोडे. त्यांतला एक सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठीचा. गंमत अशी, की उलट दिशेनेही तसेच दार आहे : अक्कलकोट, जत, गडहिंग्लज, सोलापूर भागातल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना केईए गडिनाडू कन्नडिग म्हणून घेते, पण कन्नडची परीक्षा घेऊन. जातीच्या दाखल्याचाही घोळ नको. महाराष्ट्रातला दाखला कर्नाटकच्या आरक्षणाला लागू नाही. इथे मराठा समाज 3बी प्रवर्गात येतो, आणि अर्जात नाडकचेरीच्या दाखल्यावरचा आरडी क्रमांक भरावा लागतो.

एक वर्ष गॅप घेतला असेल तर प्रतिज्ञापत्र मागितले जाते. कर्नाटकात त्याचे मुद्रांक शुल्क 2024 मध्ये 20 वरून 100 रुपये झाले. नोटरीचे निराळे द्या. महाराष्ट्रातली विद्यार्थ्यांची मुद्रांकमाफी इकडे चालत नाही.

लॅमिनेशनवर एक पैसाही घालू नका, मूळ कागद प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद होतो. सोनेरी अक्षरांच्या फायलीचीही गरज नाही. झेरॉक्सचे तीन संच आणि एक साधी क्लिअर बॅग पुरते.

राहिला सायबरवाला. टायपिंगचे दोनशे रुपये रास्त, त्याहून जास्त मागितले तर घरी बसून भरा, तीन तासांचे काम आहे. त्याचा मोबाइल, त्याचा ईमेल अर्जात कदापि देऊ नका, कारण ओटीपी आणि पासवर्ड सगळे तिकडे जातील. दुरुस्तीची मुदत दोन-तीन दिवसच असते आणि तेवढ्यात हे दोन रकाने बदलून मिळतील या भरवशावर राहू नका. ‘नीटशिवाय सीट बसवून देतो’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. अभिमत विद्यापीठाची जागासुद्धा एमसीसीच्या फेऱ्यांतूनच मिळते.

आणि पैसे स्वतःच्या खात्यातूनच भरा. अनामत ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात परत येते. दुकानदाराच्या कार्डावरून दोन लाख भरलेत, तर परतावाही त्यालाच मिळेल. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत जप्त होते, हेही लक्षात असू द्या. प्रवेश झाला, हॉस्टेल लागले, तरी परतावा जमा होईपर्यंत ते खाते बंद करू नका.