जाहीरनामा पॅरिसचा, अर्थ लावला गुलामांनी

प्रश्न : १७८९ साली फ्रान्सने सर्व माणसे स्वतंत्र आणि समान असल्याचे जाहीर केले, असे आपण शाळेत शिकतो. मग फ्रान्सच्या वसाहतींतले गुलाम तेव्हा आपोआप मुक्त झाले का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही झाले. २६ ऑगस्ट १७८९ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, तेव्हा कॅरिबियन समुद्रातल्या साँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, सुमारे पाच लाख माणसे गुलामीत होती. उसाच्या मळ्यांत राबून ती इतक्या झपाट्याने मरत, की मालक आफ्रिकेतून जहाजे भरभरून नवी माणसे आणवत. बोर्दो आणि नांत या बंदरांची श्रीमंती याच साखरेवर आणि माणसांच्या व्यापारावर पोसली होती.

मेख खुद्द जाहीरनाम्यात होती. पहिले कलम माणसांना समान हक्क देते, तर शेवटचे, सतरावे कलम मालमत्तेचा हक्क पवित्र ठरवते. मळेवाल्यांनी गुलामांना मालमत्तेत धरले आणि पॅरिसच्या सभेने तिकडे काणाडोळा केला. गुलामांचे सोडाच, मिश्र वंशाच्या स्वतंत्र लोकांनाही नागरिकाचे हक्क नाकारले गेले. त्यांच्यातला व्हँसाँ ओझे हा व्यापारी पॅरिसला जाऊन हक्क मागून आला आणि रिकाम्या हाताने परतल्यावर १७९० मध्ये त्याने उठाव केला. पुढच्या फेब्रुवारीत त्याला चाकाला बांधून, हाडे मोडून, भर चौकात मारण्यात आले.

ऑगस्ट १७९१ मध्ये मात्र उत्तरेकडच्या सपाट मुलखातले गुलामच उठले. मळे जळाले, साखरेचे कारखाने जळाले. दोन वर्षांत परिस्थिती अशी झाली, की इंग्लंड आणि स्पेन वसाहत गिळायला टपलेले, आणि बंडखोरांना आपल्या बाजूला वळवल्याशिवाय फ्रान्सचा तिथे टिकाव लागणे कठीण. तेव्हा साँतोना या फ्रेंच आयुक्ताने २९ ऑगस्ट १७९३ रोजी उत्तर प्रांतातील गुलामी रद्द केली.

ही बातमी घेऊन तीन प्रतिनिधी पॅरिसला पोचले : एक गोरा, एक मिश्र वंशाचा आणि एक काळा. काळ्या प्रतिनिधीचे नाव झाँ-बाप्तिस्त बेले. हा माणूस स्वतः गुलाम होता, त्याने पैसे भरून आपली सुटका करून घेतली होती, आणि आता तो फ्रान्सच्या संसदेत सभासद म्हणून बसला होता. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी, तो सभागृहात असताना, सर्व फ्रेंच वसाहतींतील गुलामी रद्द झाल्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. जाहीरनाम्यानंतर साडेचार वर्षांनी! म्हणून माझे ठाम मत आहे, की ‘सर्व माणसे’ या शब्दांतला ‘सर्व’ खरा केला तो मळ्यांतल्या गुलामांनी. पॅरिसने त्यावर मागाहून शिक्कामोर्तब केले.

तेही टिकले नाही. १८०२ मध्ये नेपोलियनने गुलामीला पुन्हा कायद्याचा आधार दिला आणि साँ-दोमँगवर मोठे सैन्य धाडले. पूर्वी गुलाम असलेला आणि पुढे वसाहतीचा कारभारी झालेला सेनानी तूसाँ लूव्हर्त्यूर याला दग्याने पकडून फ्रान्सला नेले. एप्रिल १८०३ मध्ये झ्यूरा डोंगरातल्या थंडगार किल्ल्यात, कैदेतच, तो वारला. पण त्याच्या माणसांनी हार मानली नाही. नोव्हेंबर १८०३ मध्ये व्हेर्तिएरच्या लढाईत फ्रेंच सैन्य हरले आणि १ जानेवारी १८०४ रोजी त्यांचा सेनापती देसालीन याने हैतीचे स्वातंत्र्य घोषित केले. गुलामांच्या बंडातून स्वतंत्र राष्ट्र उभे राहिल्याचे इतिहासातले हे एकमेव उदाहरण. उरलेल्या फ्रेंच वसाहतींतल्या गुलामांना मात्र १८४८ पर्यंत वाट पाहावी लागली.

फ्रान्सने हैतीला मान्यता दिली ती १८२५ मध्ये, युद्धनौकांचा धाक दाखवून आणि १५ कोटी फ्रँकची मागणी करून. मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची ती भरपाई होती. पुढे रक्कम कमी झाली, पण ती फेडायला हैतीला फ्रेंच सावकारांकडूनच कर्ज काढावे लागले आणि त्या कर्जांचे ओझे विसाव्या शतकापर्यंत त्या देशाच्या मानेवर राहिले.