घरच्या घरी वास्तवचित्रण

गुलबर्गा (आजचे कलबुरगी) येथे १९१६ साली जन्मलेले चित्रकार एस. एम. पंडित यांची देवादिकांची चित्रे कॅलेंडरांतून घरोघर पोचली. आपल्याकडील हौशी विद्यार्थी तीच चौकोन आखून उतरवतात. त्याने हात वळतो, नजर मात्र तयार होत नाही; उजेड कोठून यावा हे पंडितांनी आधीच ठरवलेले असते!

त्यापेक्षा घरातला तांब्या एकाच खिडकीच्या उजेडात ठेवावा. हात ताठ धरून पेन्सिलीने उंची-रुंदी मोजावी. मग डोळे किलकिले करावेत: बारकावे लोपतात, उजेड व सावली एवढेच उरते. आधी तेच भरावे. सावलीच्या कडेला खालच्या फडक्यावरून परतलेला उजेड दिसेल. तो खऱ्या उजेडाहून मंदच ठेवावा, नाहीतर तांब्या चपटा दिसतो. माझे पहिले कित्येक तांब्ये चपटेच झाले. ऊन सरकले की थांबावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बसावे.