नमपॅड घरी बनवताना: भाच्याला कानमंत्र

आईच्या हिशेबासाठी नमपॅड स्वतः बनवतोयस, उत्तम. एकच धरून चाल: फर्मवेअरमधली चूक दोन मिनिटांत सुधारते, पत्र्यातली कायमची राहते. म्हणून जीव कुठे ओतायचा ते आधी ठरव.

१. पत्र्याला घाई नको. स्विचचं भोक १४ मिलिमीटर चौरस, शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर १९.०५, पत्रा दीड मिलिमीटर जाड. लेसर कटिंगवाल्याकडे जाण्याआधी नकाशा खऱ्या मापात कागदावर छाप आणि त्यावर कीकॅप मांडून बघ.

२. शून्य, अधिक आणि एंटर या लांब कळा. त्यांचे स्टॅबिलायझर स्विचच्या आधी बसव, नाहीतर सगळं उसवावं लागतं.

३. स्विच दाबून बसवताना त्याचे दोन्ही पाय सरळ आहेत ना, बघ. मग मल्टीमीटर लाव. कळ दाबली की बीप, सोडली की गप्प. सोल्डरिंग त्यानंतर.

४. कळा १७ असल्या तरी पाच ओळी आणि चार स्तंभ धरून बोर्डाच्या नऊ पिनांत भागतं. दर स्विचला एक १एन४१४८ डायोड हवाच. तो गाळलास, तर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या की चौथी न दाबताच उमटते.

५. डायोडची काळी रेघ सगळीकडे एकाच बाजूला ठेव. सगळे उलटे लागले तर फर्मवेअरमध्ये दिशा बदलली की झालं. एकच उलटा लागला तर मात्र उपटून पुन्हा लावावा लागतो.

६. तारा मागून जोडताना डावं-उजवं उलटतं, म्हणून पत्र्याच्या पाठीवर मार्करने आकडे लिही. तरीही स्तंभ उलटे लागलेच, तर तारांना हात लावू नकोस. फर्मवेअरमध्ये पिनांचा क्रम फिरव.

७. बोर्ड प्रो मायक्रो किंवा पिको घे. क्यूएमके हे फर्मवेअर दोन्हीवर चालतं. त्यात नमपॅडच्या आकड्यांचे कोड वेगळे असतात. नम लॉक बंद असला की ८ ऐवजी वरचा बाण चालतो. आईला ती कटकट नको. वरच्या रांगेतल्या आकड्यांचे कोड दे. मग नम लॉकची कळ मोकळीच राहते, तिथे ‘००’ बसव.

८. नवं फर्मवेअर चढवताना लागणारी बूटलोडरची कळ दुसऱ्या लेयरवर ठेव. आठ दिवसांनी आईला ‘००’ दुसरीकडे हवा होईल, तेव्हा पेटी खोलायची वेळ येऊ नये.