वृद्ध व दिव्यांगांच्या सेवेत यंत्रे : जपानचा अनुभव आणि आपली गावे

शरीराची एखादी शक्ती जन्मतः, आजाराने, अपघाताने अथवा वयोमानाने उणी झाली, तर ती उणीव भरून काढण्यासाठी माणूस पूर्वापार साधनांचा आश्रय घेत आला आहे. काठी, चष्मा आणि कुबडी ही अशीच साधने होत. आता त्यांत श्रवणयंत्र, विजेवर चालणारी चाकांची खुर्ची आणि यंत्रमानव यांची भर पडली आहे. या सर्वांना मिळून 'सहायक साधने' असे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे २५० कोटी लोकांना यांपैकी किमान एका साधनाची गरज आहे. गरजूंपैकी ज्यांना ते प्रत्यक्ष मिळते, त्यांचे प्रमाण संपन्न देशांत ९० टक्क्यांपर्यंत, तर काही गरीब देशांत अवघे ३ टक्के असल्याचे या अहवालात नमूद केले आहे.

यंत्रमानव वृद्धांची सेवा करणार, अशी वृत्ते अधूनमधून प्रसिद्ध होतात आणि त्यांविषयी स्वाभाविकच कुतूहल वाटते. हे यंत्रमानव प्रत्यक्षात कितपत उपयोगी पडले, हे समजून घ्यायचे तर जपानकडे पाहिले पाहिजे. त्या देशाच्या अनुभवातून आपल्या गावांनी काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जपानने ही वाट का धरली?

जपानमध्ये ६५ वर्षे व त्यावरील व्यक्तींचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या सुमारे २९ टक्के आहे. वृद्धांच्या सेवेचा संपूर्ण भार घरातील स्त्रियांवर पडू नये, या हेतूने तेथे २००० साली दीर्घकालीन शुश्रूषा विमा योजना सुरू झाली. वयाच्या चाळिसाव्या वर्षापासून नागरिक या योजनेचा हप्ता भरतात. योजनेमुळे सेवेची सोय झाली, परंतु सेवा करणारी माणसे अपुरी पडू लागली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवसातून अनेकदा उचलावे लागत असल्याने कंबरदुखी हा या सेवकांचा नित्याचा विकार झाला. तेव्हा शासनाने यंत्रांच्या विकासासाठी काही क्षेत्रे निश्चित केली. २०१७ च्या यादीत उचलून ठेवणे, चालणे-फिरणे, शौच, स्नान, देखरेख आणि सेवाकार्याची व्यवस्था अशा सहा क्षेत्रांचा समावेश होता.

यंत्रांचे काही नमुने

रिकेन या संशोधन संस्थेने २०१५ मध्ये 'रोबेअर' नावाचा यंत्रमानव लोकांपुढे आणला. अस्वलासारख्या चेहऱ्याचे हे यंत्र माणसाला दोन्ही हातांवर उचलून बिछान्यावरून खुर्चीत ठेवू शकत असे. त्याचे स्वतःचे वजन १४० किलो होते.

त्सुकुबा विद्यापीठातील प्राध्यापक योशियुकी सानकाई यांच्या संशोधनातून निर्माण झालेले 'हाल' हे यंत्र अंगावर चढवावे लागते. माणूस पाय उचलण्याचा विचार करतो, तेव्हा मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे क्षीण विद्युत संदेश त्वचेवर उमटतात. यंत्र ते टिपते आणि मोटारीच्या साहाय्याने पायाला गती देते. स्नायूंच्या काही दुर्धर विकारांवरील उपचारासाठी या यंत्राला जपानमध्ये २०१५ साली मान्यता मिळाली.

'पारो' हा यंत्रमानव सील या जलचराच्या पिलासारखा दिसतो. कुरवाळले असता तो डोळे मिटतो, आवाज दिला असता मान वळवतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचे मन शांत राहावे, हा त्याचा उद्देश. कुत्र्यामांजरांच्या सवयी सर्वांनाच ठाऊक असतात. त्यामुळे त्यांच्या प्रतिकृतीत उणे चटकन दिसते. सील फारसा कोणी जवळून पाहिलेला नसतो. म्हणून निर्माते ताकानोरी शिबाता यांनी तो निवडला.

अनुभव काय सांगतो?

रोबेअर प्रयोगशाळेबाहेर नित्य वापरात आला नाही. जेम्स राइट या संशोधकाने जपानमधील एका शुश्रूषागृहात दीर्घ काळ निरीक्षण करून लिहिलेला ग्रंथ २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे आणलेल्या यंत्रांमुळे सेवकांचे काम हलके होण्याऐवजी वाढले, असे त्यांना आढळले. यंत्र आणावे, लावावे, पुसावे, परत ठेवावे आणि ते चालू असताना त्याच्याजवळ उभेही राहावे. उचलण्याचे यंत्र तर सेवकांनी काही दिवसांतच बाजूला ठेवले.

तथापि जपानच्या योजनेत एक साधी गोष्ट आहे, जिची वार्ता क्वचितच होते. विमा योजनेखाली चाकांची खुर्ची, उंची बदलता येणारा पलंग, चालण्याचा आधार इत्यादी साधने भाड्याने मिळतात. प्रशिक्षित सल्लागार घरी येतो, माणसाचे माप व त्याची दिनचर्या पाहतो, साधन जुळवून देतो आणि पुढेही त्याची विचारपूस करतो. प्रकृती बदलली की साधनही बदलून मिळते. याखेरीज कठडे बसविणे, उंबरठे काढणे, सरकती दारे लावणे, शौचकूप बदलणे अशा घरदुरुस्तीसाठी २ लाख येनपर्यंतच्या खर्चाला योजनेचे साहाय्य मिळते. यंत्राबरोबर माणूस आणि घर या दोहोंचा विचार केला जातो, हे या व्यवस्थेचे मर्म होय.

आपल्याकडील प्रयत्न

याच विचाराचे उत्तम उदाहरण भारतातही आहे. १९६८ मध्ये जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेला कृत्रिम पाय 'जयपूर फूट' या नावाने जगभर गेला. परदेशी बनावटीच्या पायाला बूट घालावा लागे आणि तो घालून मांडी घालून बसता येत नसे. जयपूरचा पाय अनवाणी, चिखलात, शेतात चालतो आणि उकिडवे बसू देतो. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेली 'स्मार्टकेन' ही काठी २०१४ पासून उपलब्ध झाली. पांढरी काठी जमिनीवरील अडथळा दाखवते, पण गुडघ्याच्या वरचा नाही. स्मार्टकेन ध्वनिलहरींनी असा अडथळा ओळखून मुठीला कंप देते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. साधनांसाठी केंद्र शासनाची 'एडिप' योजना १९८१ पासून, तर दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून राबविण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या पात्र व्यक्तींना साधनखरेदीसाठी ३,००० रुपयांच्या एकरकमी साहाय्याची तरतूद होती. मुंबईत हाजी अली येथील पुनर्वसन संस्था १९५५ पासून, तर वांद्रे येथील अली यावर जंग वाक्-श्रवण संस्था १९८३ पासून कार्यरत आहे.

साधन कोपऱ्यात का पडते?

शिबिरात मिळालेले साधन काही महिन्यांत माळ्यावर जाते, हे दृश्य अपरिचित नाही. त्याची कारणे बहुधा किरकोळ असतात. श्रवणयंत्र कानाच्या तपासणीनुसार जुळवले नसेल, तर आवाजाचा नुसता गोंगाट होतो. त्याची छोटी बॅटरी एकदोन आठवड्यांत संपते आणि गावात ती मिळत नाही. काठीची मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर नसेल, तर खांदा दुखतो. तिच्या टोकाचे रबर झिजले की काठी फरशीवर घसरते. खुर्ची मापाने मोठी असेल, तर बसणारा एका बाजूला कलतो व त्याला जखमा होतात. खुर्ची चांगली असूनही शौचालयाचे दार अरुंद असेल, तर त्या माणसाचे परावलंबन होते तसेच राहते.

गावपातळीवर काय करता येईल?

१. ग्रामपंचायतीने गावातील साधनधारकांची यादी ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी एकच प्रश्न विचारावा : साधन वापरात आहे काय? नसल्यास कारण नोंदवावे. किती साधने वाटली यापेक्षा किती वापरात राहिली, हा आकडा अधिक उपयुक्त ठरेल.

२. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. तीतून नव्या खरेदीबरोबर रबरी टोपण, बॅटरी, टायर व दुरुस्ती यांचाही खर्च, प्रचलित नियम पाहून, करता येईल. गावातील सायकल दुरुस्त करणारा कारागीर खुर्चीची चाकेही दुरुस्त करू शकतो.

३. उतारमार्ग मोजून बांधावा. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी, हे प्रमाण सर्वमान्य आहे. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील, तर उतार किमान ५.४ मीटर लांब हवा. त्याहून आखूड उतारावरून खुर्ची स्वतः ढकलत नेणे कठीण जाते व उतरताना ती उलटण्याचा धोका असतो.

४. शिक्षकांनी श्रवणयंत्र वापरणाऱ्या विद्यार्थ्याला पुढील बाकावर बसवावे, त्याच्याकडे तोंड करून बोलावे आणि बॅटरी चालू आहे ना, हे सकाळी पाहावे. खुर्चीत बसणाऱ्या विद्यार्थ्याचा वर्ग तळमजल्यावर ठेवावा.

५. साधन ठरविण्यापूर्वी त्या व्यक्तीला विचारावे. घरच्यांना खुर्ची सोयीची वाटते, पण आजींना अंगणापर्यंत चालत जाण्याची इच्छा असेल, तर त्यांना चालण्याचा आधार व भिंतीला कठडा हवा असतो.

यंत्रमानव उद्या अधिक स्वस्त व अधिक कुशल होतील आणि आपल्याकडेही येतील, यात शंका नाही. परंतु त्यांनाही मोजमाप, शिकवण, दुरुस्ती आणि चालण्यायोग्य वाट या चार गोष्टी लागतीलच. ज्या गावाने आज काठी आणि खुर्ची यांच्यासाठी ही व्यवस्था उभी केली असेल, त्या गावाला उद्याच्या यंत्राचाही उपयोग करून घेता येईल. या कामासाठी मोठा निधी लागत नाही. येत्या ग्रामसभेत साधनधारकांच्या यादीचे वाचन करून त्याचा आरंभ करता येण्यासारखा आहे.