सुई नंतर, निदान आधी

‘पेन क्लिनिक’ची पाटी आता जळगाव-धुळ्यातही दिसते. साहजिकच ओपीडीत प्रश्न येतो, ‘साहेब, तिथं जाऊ का?’ गरज असेल तर जरूर जा. मात्र नुसत्या पाटीवर जाऊ नका. कंबरेला मशीनचा शेक देणारा माणूसही हीच पाटी लावू शकतो.

तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं हे वेदना-उपचारांच्या या शाखेचं मुख्य काम. इथले बरेचसे डॉक्टर मुळात भूलतज्ज्ञ असतात, कारण कुठल्या नसेजवळ औषध सोडलं की कुठला भाग बधिर होतो, ही त्यांची रोजची विद्या. शाखेचा पाया घालणारे अमेरिकेतले जॉन बोनिका हेही भूलतज्ज्ञ. शिक्षणासाठी आखाड्यात कुस्त्या मारलेला हा गडी पुढे स्वतःच सांधेदुखीने हैराण झाला. जुनाट दुखणं एकट्या डॉक्टरला आवरत नाही, भूल, हाडं, नसा, मन आणि व्यायाम यांचे जाणकार एकत्र बसले पाहिजेत, हे त्यांचं म्हणणं. सगळे एका छताखाली आपल्याकडे क्वचितच मिळतील, पण पेशंटला फिजिओथेरपिस्टकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायला कमीपणा न मानणारा डॉक्टर मिळू शकतो.

रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारे मजूर, कापूस वेचताना दिवसभर वाकलेल्या बाया, ट्रकवाले. ‘कंबर भलती दुखस’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. यातली बहुतेक दुखणी चार-सहा आठवड्यांत बेताने हालचाल ठेवूनच बरी होतात. त्यांना ना एमआरआय लागतो, ना पेन क्लिनिक. पन्नाशीनंतर एमआरआयमध्ये सरकलेली गादी तर काही न दुखणाऱ्यांच्याही मणक्यात सापडते. रिपोर्ट बघून घाबरू नका. पायात उतरणारी आणि न थांबणारी कळ, नागीण बरी झाल्यावर मागे राहिलेली आग, चेहऱ्यात विजेसारखी चमक, मधुमेहाने तळपायांची जळजळ, कॅन्सरच्या वेदना, अशांना मात्र पेन क्लिनिकचा खरा उपयोग होतो.

मला जास्त काळजी वाटते ती मेडिकलवरून आणलेल्या मिक्स गोळ्यांच्या पुडीची. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 अंशांना भिडतो. घाम गाळून अंगातलं पाणी आटलेलं असतं आणि त्यातच डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी दोन वेळा पोटात जाते. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा त्याने आणखी घटतो. बीपी, मधुमेह असलेल्यांची किडनी यात कायमची खराब होऊ शकते. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या चूर्णाने दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले, तर मला आधी स्टेरॉइडचा संशय येतो. तोंड गोल होतं, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, खुब्याचा सांधा निकामी होतो. असं चूर्ण महिनोन् महिने घेतलं असेल तर ते एकदम बंद करणंही धोक्याचं, डॉक्टरांना दाखवूनच कमी करा.

आता क्लिनिक कसं निवडायचं. डॉक्टरची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी बघा. त्याहून महत्त्वाची पहिली भेट. कपडे थोडे बाजूला करून, पाय उचलून, ताकद आणि बधिरपणा तपासून निदान सांगितलं का? की फाइल उघडायच्या आतच इंजेक्शनचं पॅकेज पुढे आलं? पॅकेज आधी आलं तर सरळ उठा. मणक्यातलं इंजेक्शन सी-आर्म एक्स-रे किंवा तशा मशीनवर बघत देतात, अंदाजाने नाही. त्याआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची विचारणा झालीच पाहिजे, पण त्या मनाने बंद करू नका. इंजेक्शनात स्टेरॉइड असेल तर मधुमेहींची साखर काही दिवस चढते, हे तुम्हाला आधी सांगायला हवं. आराम अनेकदा काही आठवडे किंवा महिन्यांचाच असतो. तेवढ्या वेळात व्यायामाने कंबर सावरायची असते. ‘कायमचं बरं करतो’ म्हणणारा मला तरी पटत नाही.

कॅन्सरच्या पेशंटसाठी मॉर्फिनची गोळी मागायला संकोचू नका. 2014 च्या कायदादुरुस्तीने अशी औषधं ठेवण्याचे नियम सोपे झाले. नीट मोजून दिली तर व्यसनाची भीती फार थोडी. बद्धकोष्ठाचं औषध मात्र सोबतच सुरू करावं लागतं. सातपुड्याच्या पट्ट्यात, चोपडा-शिरपूरकडे, तरुण पोराचे हातपाय वारंवार ठणकत असतील तर पेन क्लिनिकच्या आधी सिकलसेलची तपासणी.

काही दुखण्यांना क्लिनिक नाहीच, थेट तातडीचा विभाग. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद घटणं, पाठदुखीसोबत ताप, छातीतून जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ. खासगीचा खर्च झेपत नसेल तर जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत भूलशास्त्र विभागात चौकशी करा.

कुठेही गेलात तरी घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, चूर्णं पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरच्या टेबलावर ओता. लाजून एखादी पुडी घरी ठेवू नका, नेमकी तीच आम्हाला बघायची असते.