जुन्या हत्यारपेटीचे वय कसे ओळखावे?

जुन्या लाकडी सामानाची खरेदी-विक्री करणाऱ्या आणि पॉलिशचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांच्या हाती कधी कधी एक वेगळीच पेटी येते. दिसायला दागिन्यांच्या मोठ्या पेटीसारखी. वर उघडणारे झाकण, झाकणात आरसा, पुढे लहान-मोठे अनेक खण आणि प्रत्येक खणात हिरवी बनात. पुष्कळजण तिला शृंगारपेटी समजतात व तशीच विकून टाकतात. वास्तविक ही कारखान्यातील टर्नर, फिटर किंवा टूलरूमच्या कारागिराची पेटी आहे. मायक्रोमीटर, कॅलिपर, गुण्या अशी मापाची नाजूक हत्यारे तो तिच्यात ठेवी. अमेरिकेत ही हत्यारे बहुधा कारागिराच्या स्वतःच्या मालकीची असत. म्हणून पेटीला कुलूप, आणि हत्यारांना ओरखडा पडू नये म्हणून बनात.

अशा पेटीचे साल कसे ठरवावे, हे आज आपण पाहणार आहोत. सालावर किंमत ठरते, दुकानदाराचा शब्द ठरतो, आणि काही वेळा कायदाही ठरतो.

पेटी कुठली?

या धंद्यात सर्वांत प्रसिद्ध नाव गर्स्टनर यांचे. अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन हे कारखान्यांचे शहर आहे. तेथे हॅरी गर्स्टनर हा तरुण साच्यांचे लाकडी नमुने बनविण्याचे काम शिकत होता. त्याने स्वतःच्या हत्यारांसाठी एक पेटी बनविली. ती पाहून इतरांनी मागणी केली आणि १९०६ साली एच. गर्स्टनर अँड सन्स ही कंपनी उभी राहिली. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर शहरातही युनियन नावाने अशा पेट्या बनत. पुढे पत्र्याच्या पेट्यांनी बाजार व्यापला आणि लाकडी पेटी हौशी लोकांच्या संग्रहाची वस्तू झाली.

चांगली पेटी बहुधा ओक किंवा अक्रोडाची असते. ओकचे खोड गाभ्याकडून सालीच्या दिशेने चिरले, तर फळीवर चमकदार आडव्या पट्ट्या दिसतात. असे लाकूड कमी वाकते, म्हणून खण अडकत नाहीत. काही पेट्यांवर लाकूड न दाखवता काळे चामड्यासारखे कापड चिकटविलेले असते. गर्स्टनरच्या पेटीत पुढची फळी काढून सर्वांत खालच्या खणाखाली सरकविता येते. झाकण बंद केले की हीच फळी सगळे खण अडकवून ठेवते.

मुख्य नियम

पेटी तिच्या सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा जुनी असू शकत नाही. हा नियम पाठ करून ठेवावा. यात 'मूळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. एक बिजागरी नवी असेल तर ती दुरुस्तीची असू शकते. परंतु सगळ्या बिजागऱ्या एकसारख्या असतील, त्यांच्याखाली दुसऱ्या भोकांच्या खुणा नसतील, आणि त्यांची सावली लाकडावर उमटलेली असेल, तर त्या मूळच्या मानाव्यात.

खुणा कोणत्या?

१) पत्ता : झाकणाच्या आत किंवा खणाच्या तळाला कंपनीची चिठ्ठी वा पट्टी असते. अमेरिकेत मोठ्या शहरांच्या नावापुढे टपाल विभागाचा एक-दोन अंकी आकडा १९४३ पासून लिहू लागले आणि पाच अंकी टपाल क्रमांक १९६३ पासून आला. शहरापुढे आकडा असेल तर पेटी १९४३ च्या आधीची नाही. पाच अंक असतील तर १९६३ च्या आधीची नाही. काहीच नसेल तर जुनी असण्याचा संभव आहे, खात्री नाही.

२) पेटंट क्रमांक : कुलपावर किंवा पट्टीवर क्रमांक असल्यास लगेच उतरवून घ्यावा. अमेरिकेचे दहा लाखावे पेटंट १९११ साली, वीस लाखावे १९३५ साली आणि तीस लाखावे १९६१ साली दिले गेले. एवढ्यावरून अंदाज येतो. नेमके साल हवे असेल तर हे जुने दस्त आज संगणकावर फुकट पाहता येतात. मात्र पेटंट मिळाल्यावरही तोच माल अनेक वर्षे बनत राहतो. तेव्हा पेटंटचे साल म्हणजे 'याच्या आधीची नाही' एवढेच.

३) स्क्रू : सरळ एका खाचेचा स्क्रू जुना आणि आजही मिळतो, म्हणून त्यावरून काही सिद्ध होत नाही. अधिक चिन्हाच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू मात्र १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर बाजारात आला. सगळे मूळ स्क्रू तसे असतील तर पेटी त्याच्या आधीची म्हणून विकू नये.

४) मधला खण : अनेक पेट्यांत मधोमध एक उंच चौकोनी खण असतो. तो 'मशिनरीज हँडबुक' या जाडजूड पुस्तकासाठी. कारागिरांचे हे मापांचे व कोष्टकांचे पुस्तक १९१४ साली प्रथम निघाले. अशा खणावरून साल सुचते, पण दुसऱ्या खुणेची साथ हवी.

५) आतील वस्तू : बनातीखाली जुनी पावती, वर्तमानपत्राचा तुकडा किंवा कारखान्याचा पितळी बिल्ला सापडतो. त्यावरून पेटी त्या वेळी वापरात होती एवढेच कळते. ती तेव्हा बनली असे नव्हे. हत्यारांवर कोरलेले नाव आणि पेटीवरचे नाव एकच असेल तर दोन्ही मिळून ठेवावे. असा जोड फोडून विकण्यात नुकसान आहे.

एक सावधगिरी. गर्स्टनर यांच्याच नावाने 'इंटरनॅशनल' मालिकेतील चीनमध्ये बनलेल्या पेट्याही अलीकडच्या काळात विकल्या गेल्या आहेत. त्या खोट्या नव्हेत, पण जुन्याही नव्हेत. नाव वाचून थांबू नये, पट्टीवरचा सगळा मजकूर वाचावा.

आमची चूक

ही शिकवण आम्ही पदरचे घालवून घेतली आहे. आमच्याकडे एकदा ओकची अशी पेटी पॉलिशला आली. गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून आम्ही जीर्ण बनात खरवडून काढली, काळे पडलेले स्क्रू बदलले आणि झाकण आतून-बाहेरून घासून घेतले. झाकणाच्या आत अर्धवट फाटलेली कागदी चिठ्ठी होती. तीही पॉलिशपेपरखाली गेली. पेटी नव्यासारखी चमकू लागली. महिन्याभराने गिऱ्हाईक परत आले. म्हणाले, "घेणारा विचारतो, ही कोणत्या सालची? काय सांगू?" आम्ही गप्प. चिठ्ठीवर शहरापुढे आकडा होता की नव्हता, हेसुद्धा आम्ही पाहिले नव्हते. आमच्या मेहनतीने त्यांचा पुरावाच पुसून टाकला.

तेव्हापासून आमचा शिरस्ता असा. आधी सर्व बाजूंनी फोटो, मग प्रत्येक खण काढून त्याचा तळ व मागची बाजू पाहणे, मग कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसणे. बनात, चिठ्ठी आणि स्क्रू यांना मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. बदललेला स्क्रू पुडीत बांधून पेटीतच ठेवायचा.

बिलावर काय लिहावे?

समजा, पट्टीवरील पेटंट १९२४ सालचे निघाले, स्क्रू सगळे सरळ खाचेचे आहेत, आणि चिठ्ठीवर शहरापुढे आकडा नाही. तर 'अंदाजे १९२४ ते १९४३' असे लिहावे. 'शंभर वर्षांची अस्सल' असे लिहू नये. बदललेली बनात, नवे कुलूप, भरलेली चीर हेही लिहावे. ऐब सांगून विकलेला माल परत येत नाही.

येथेच कायद्याचा प्रश्न येतो. आपल्या देशात पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ लागू आहे. कमीत कमी शंभर वर्षे जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेषात मोडू शकते. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही आणि तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो. वरच्या उदाहरणातील पेटी शंभरीच्या अलीकडची की पलीकडची, हे नुसत्या अंदाजाने सांगता येणार नाही. परदेशी गिऱ्हाईक मिळाले तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून निर्णय घ्यावा, नंतरच सौदा करावा. किंमत वाढविण्यासाठी तोंडाने वाढविलेली वीस वर्षे उद्या आपल्याच गळ्यात येतील.

ज्या कारागिराने ही पेटी वापरली, तो हजारांश इंचाचा हिशेब ठेवीत होता. ती विकताना आपण निदान वर्षांचा हिशेब सरळ ठेवावा. साल कळले नाही तर 'साल नक्की नाही' असे लिहिण्यात कमीपणा मुळीच नाही.