आधी टेबल उलटं करा

जुनं टेबल विकत घेताना वरची फळी सगळ्यात शेवटी बघावी. आधी ते उलटं करावं. विकणारा वरून ओलं फडकं मारतो, कधी तेलाचा हात फिरवतो. खालच्या बाजूला कोणी काही करत नाही. फळीवरच्या रेषा कडेवरून सलग खाली उतरल्या असतील, तर ते सलग लाकूड. कडेला भुशाचे दाणे दाबून बसवल्यासारखे दिसले, तर पार्टिकल बोर्ड; त्याला पाणी लागलं की फुगतो आणि फुगला की परत बसत नाही. बारीक गोल भोकं दिसली तर खाली काळा कागद धरून टेबल ठोकावं. पिठासारखी पूड पडली तर किडा आत जिवंत आहे असं समजावं आणि टेबल तिथेच ठेवून पुढे जावं, कितीही स्वस्त असलं तरी.

माझं टेबल पुण्याच्या जुन्या बाजारातलं. बुधवारी आणि रविवारी तिथे खिळ्यांपासून ग्रामोफोनपर्यंत काहीही मांडलेलं असतं, आणि घासाघीस न करता घेतलंत तर विकणाऱ्यालाच चुकल्यासारखं वाटतं. एक खण, चार निमुळते पाय, काळपट पॉलिश. किडा नव्हता, सांधे घट्ट होते. मला ते दिवाणाशेजारी हवं होतं: मोतिया रंगात, कडेने निळ्या वेलबुट्टीची पट्टी.

पुसलं, पॉलिश पेपरने घासलं, पाण्यातला प्रायमर दिला, वर रंगाचे दोन हात. रात्री झोपताना ते छान दिसत होतं. सकाळी खणाच्या वर, लाकडाची गाठ होती बरोबर तिथे, चहा सांडून वाळल्यासारखा लालसर पिवळा डाग. अजून एक हात दिला. डाग जरा फिका झाला आणि दुपारपर्यंत पुन्हा पुढे आला, आता पायांवरही.

समोरच्या इमारतीत दारांना पॉलिश करायला आलेल्या काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी डागावरून अंगठा फिरवला. ‘ताई, वरून रंग किती पण द्या, खालचा बाहेर येणारच. रंगाआधी चपड्याचा हात मारायला लागतो.’

कारण साधं आहे. सागवानासारख्या लाकडात स्वतःची तेलं आणि रंगद्रव्यं असतात, आणि जुन्या पॉलिशमध्येही पुष्कळदा रंग मिसळलेला असतो. यातलं जे पाण्यात विरघळतं ते पाण्यातला रंग वर ओढतो. चपडा म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या. रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवल्या की विरघळतात, आणि त्याचे दोन पातळ हात दिले की खालचा डाग खालीच राहतो. हात लवकर वाळतो. मग ३२० नंबरच्या पेपरने अलगद फिरवून घ्यायचं आणि रंगाला लागायचं. काकांनी मला सगळा रंग खरवडायला लावला नाही; डागाळलेल्या रंगावरच चपडा मारला, तोही चालला.

तुम्ही मात्र आधीच चाचणी घ्या. खणाच्या मागच्या बाजूला तळहाताएवढा पांढरा रंग लावून दोन दिवस थांबा. डाग आला तर चपडा, नाही आला तर सरळ प्रायमर. जुनं पॉलिश कसलं आहे हे कळायला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून कोपऱ्यात घासा. चिकट होऊन बोळ्याला लागलं तर ते लाखेचं.

घासण्याआधी चिकटपणा काढायचा, भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने. तेलकट फळी घासली तर तेल लाकडात जिरतं आणि रंग तिथेच सुटतो. मग १२०चा पेपर, मग २२०चा, नेहमी रेषेच्या दिशेने. सनमायका असेल तर तिची चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा, नाहीतर रंगाची पापडी नखाने निघते.

टेबल आधीच ऑइल पेंटने रंगवलेलं असेल तर कोरडं घासू नका, हे मी जरा आवाज चढवून सांगते. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारे नियम आपल्याकडे २०१६ साली आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे ते नुसतं बघून कळत नाही. वॉटर पेपर घ्या, पाणी मारत घासा, तोंडावर चांगला मास्क, मुलं लांब. खाली पडलेलं झाडूने झाडायचं नाही, ओल्या फडक्याने टिपायचं.

आता नक्षी. स्टेन्सिलला स्पंज जवळजवळ कोरडा हवा; आधी रद्दीवर टिपून घ्या, नाहीतर रंग कडेखाली शिरतो. कागदी नॅपकिनची चित्रं चिकटवणार असाल तर वरचा छापील पापुद्राच घ्या. आणि नक्षी एकाच जागी असू द्या. जांभळ्या फळीवर वारली, पायांवर कोयऱ्या आणि खणाला सोनेरी मूठ असं टेबल मी पाहिलं आहे. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवायलाही जागा उरली नव्हती.

वरचा शेवटचा हात लाखेचा नको, गरम कपाने पांढरं कडं उमटतं. फिक्या रंगावर तेलातलं व्हार्निशही नको, पिवळं पडतं. पाण्यातलं पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) बरं. हे सगळं भर पावसाळ्यात काढू नका. हाताला कोरडं लागलं म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. पहिल्या तीन आठवड्यांत त्यावर कुंडी किंवा वर्तमानपत्र ठेवलंत तर ते चिकटलंच म्हणून समजा.

घासताना खाली सुंदर रेषांचं सागवान किंवा शिसवी निघालं, तर रंगाचा डबा बंद करा. शिसवी टेबल गुलाबी रंगवणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. मी त्यांच्याकडे चहा पिते, टेबलाकडे बघत नाही. अशा लाकडाला जवसाचं तेलही पुरतं. पातळ हात द्यायचा, थोड्या वेळाने उरलेलं पुसून काढायचं. फक्त त्या तेलकट चिंध्या चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा करून ठेवलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. गच्चीतल्या दोरीवर एकेक सुटी पसरून वाळवा, कडक झाली की मगच कचऱ्यात.